निकेल सिल्व्हरचा पत्रा: रिलेच्या स्प्रिंगपट्टीसाठी आणि शील्डिंगच्या डबीसाठी कोणती श्रेणी, कोणते टेंपर?

उद्यमबाग_प्रेस (बेळगाव) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत माझे प्रेसकामाचे लहान वर्कशॉप आहे. पितळ आणि फॉस्फर ब्राँझच्या पट्टीपासून टर्मिनल, वॉशर, क्लिप असे सुटे भाग आम्ही काढतो. सध्या पुण्याच्या एका ग्राहकाकडून दोन नव्या भागांची चौकशी आली असून दोन्हींच्या ड्रॉइंगवर धातू म्हणून निकेल सिल्व्हर (बाजारातल्या बोलीत जर्मन सिल्व्हर) लिहिलेले आहे.

पहिला भाग रिलेमधील स्प्रिंगपट्टीचा आहे. जाडी ०.३ मिमी, श्रेणी 'सीयूएनआय१८झेडएन२७' आणि टेंपरच्या, म्हणजे रोलिंगने आलेल्या कठीणपणाच्या, रकान्यात 'स्प्रिंग हार्ड' एवढेच. या पट्टीला काटकोनातल्या दोन वाकण्या आहेत आणि त्या दोन वाकण्यांच्या रेघा एकमेकींना आडव्या येतात. दुसरा भाग सर्किट बोर्डवर सोल्डरने बसणाऱ्या शील्डिंगच्या, म्हणजे रेडिओ लहरी अडवणाऱ्या, डबीचा आहे. त्याची जाडी ०.२ मिमी असून त्यावर श्रेणी दिलेलीच नाही.

नमुने काढण्यासाठी एका व्यापाऱ्याकडून थोडी पट्टी आणली. बिलावर 'जर्मन सिल्व्हर पत्रा' असे लिहिले होते, सोबत कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. स्प्रिंगपट्टीची एक वाकणी दर वेळी स्वच्छ निघते आणि दुसरी दर वेळी तडकते. भिंगातून पाहिले तर वाकणीच्या बाहेरच्या अंगाला, रेघेच्याच दिशेने, केसासारख्या बारीक चिरा ओळीने दिसतात. वाकवण्यापूर्वी काही तुकडे गॅसच्या ज्योतीवर तापवून नरम करून पाहिले, तर त्यांतले काही तापतानाच फुटले. पितळेत असा प्रकार आमच्याकडे होत नाही.

मला विचारायचे आहे ते असे. वाकणीतील तडे पट्टीच्या दोषामुळे येतात की डायच्या? ग्राहकाने पितळ सोडून हा महाग धातू का मागितला असावा आणि त्याला पर्याय सुचवणे योग्य ठरेल का? आलेली पट्टी खरोखर निकेल सिल्व्हरची आहे हे वर्कशॉपमध्येच कसे पडताळावे? आणि निकेलचे भाव एवढे वरखाली होत असताना दर किती काळासाठी बांधून द्यावा? ज्यांनी हा धातू हाताळला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

टूलरूम_मच्छे यांचे उत्तर

एक वाकणी दर वेळी नीट निघते आणि दुसरी दर वेळी तडकते, यावरून मला कारण जवळजवळ निश्चित वाटते. पट्टी रोलमधून निघताना तिचे कण लांबट होऊन रोलिंगच्या दिशेने ओढले जातात आणि पट्टी जितकी कठीण तितका हा परिणाम ठळक असतो. वाकणीची रेघ रोलिंगच्या दिशेला आडवी असली की धातू बराच ताण सोसतो. ती त्या दिशेला समांतर आली की बाहेरचे अंग कणांच्या सीमेवर उकलते. तुमच्या दोन रेघा एकमेकींना काटकोनात असल्यामुळे ब्लँक (वाकवण्यापूर्वीचा कापलेला सपाट तुकडा) पट्टीवर सरळ मांडला तर एक वाकणी कायम सोयीच्या बाजूला आणि दुसरी कायम गैरसोयीच्या बाजूला पडणार. डाय कितीही पॉलिश केली तरी हे बदलणार नाही.

अशा भागासाठी ब्लँक पट्टीवर ४५ अंशांत तिरका मांडावा. मग दोन्ही रेघा रोलिंगच्या दिशेला सारख्याच कोनात छेदतात आणि कोणत्याही एका वाकणीवर सगळा भार येत नाही. पट्टीची नासाडी काहीशी वाढते हे खरे, पण ती भंगार म्हणून परत विकता येते. तडकलेली स्प्रिंग ग्राहकाच्या जोडणीत गेली तर होणारे नुकसान भरून येत नाही. पट्टीवर रोलिंगच्या बारीक रेषा तिरप्या उजेडात धरल्या की दिसतात. पहिला तुकडा कापण्याआधी त्या पाहून मार्करने बाण काढून ठेवण्याची सवय मुलांना लावा.

दुसरा मुद्दा वाकणीच्या आतल्या त्रिज्येचा. कठीण टेंपरमध्ये आडव्या वाकणीला जाडीच्या जवळपास त्रिज्या चालून जाते, समांतर वाकणीला मात्र तिच्या कित्येक पट लागते. ४५ अंशांच्या मांडणीत गरज या दोन्हींच्या मधली असते. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर आतला कोपरा धारदार दाखवलेला असेल, तर तो तसा सोडू नका. किती त्रिज्या चालेल ते लेखी विचारा. बहुतेक वेळा ड्रॉइंग काढणाऱ्याने तिथे त्रिज्या विचारपूर्वक दिलेलीच नसते आणि ती वाढवायला त्याची हरकत नसते.

कापताना कडेला उठणारी धारदार कोर, म्हणजे बर, हीही पाहा. बर वाकणीच्या बाहेरच्या अंगाला राहिली तर तडा तिच्यापासूनच सुरू होतो, म्हणून बर आतल्या अंगाला येईल अशी डाय उलटवावी. या धातूसाठी आम्ही पंच आणि डायमधली फट प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाच ते सात टक्के ठेवतो. ०.३ मिमी जाडीला ही फट इतकी कमी होते की डायच्या मार्गदर्शक खांबांत थोडीशीही ढिलाई असेल तर एका बाजूला बर आलीच म्हणून समजा. शिवाय स्प्रिंग टेंपरची पट्टी वाकवल्यावर पितळेपेक्षा अधिक उलटते. काटकोन मिळवण्यासाठी काही अंश जास्त वाकवावे लागते आणि प्रत्येक नव्या कॉइलला ते पुन्हा जुळवावे लागते.

ज्योतीवर नरम करण्याविषयी मात्र आग्रहाने सांगतो, की ते ताबडतोब थांबवा. त्याची दोन कारणे आहेत. निकेल सिल्व्हरला स्प्रिंगपणा येतो तो केवळ थंड रोलिंगमुळे. पोलाद तापवून पाण्यात टाकले की कठीण होते, तशी सोय या धातूत नाही. एकदा नरम केलेला तुकडा पुन्हा रोलमधून काढल्याशिवाय कठीण होत नाही आणि तयार भाग रोलमधून काढता येत नाही. म्हणजे नरम केलेली तुमची पट्टी न तडकता वाकेल, पण रिलेत बसल्यावर स्प्रिंगचे काम करणार नाही, आणि हा दोष डोळ्यांना दिसणारही नाही. दुसरे कारण तापताना फुटण्याचे आहे. जोरदार रोलिंग झालेल्या पट्टीत ताण कोंडलेला असतो. तिला एका जागी झटकन तापवले की तो ताण असमान रीतीने सुटतो आणि धातू फुटतो. निकेल सिल्व्हर या बाबतीत पितळेपेक्षा अधिक नाजूक आहे, आणि शिसे घातलेल्या श्रेणी तर त्याहूनही. सोल्डर किंवा ब्रेझिंग करतानाही हेच ध्यानात ठेवून उष्णता हळूहळू आणि सर्वदूर द्यावी.

वाकवलेल्या भागातला ताण काढायचाच असेल, तर भट्टीत सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसला तासभर ठेवावे. एवढ्या उष्णतेने स्प्रिंगपणा जात नाही आणि पुढे भाग आपोआप चिरण्याचा धोका कमी होतो. भट्टीत घालण्याआधी प्रेसचे तेल पूर्ण धुऊन काढा. गंधकयुक्त तेल या धातूवर डाग पाडते आणि निकेल असलेल्या मिश्रधातूंना तापलेल्या अवस्थेत गंधक मुळीच सोसत नाही.

निवृत्त_प्राध्यापक (टिळकवाडी) यांचे उत्तर

वाकणीचा प्रश्न वरच्या उत्तरात चांगला सुटला आहे. ग्राहकाने हा धातू का मागितला असावा, याविषयी लिहितो, कारण ते समजल्याशिवाय पर्याय सुचवणे धोक्याचे आहे.

निकेल सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदी अजिबात नसते. चीनमध्ये हा धातू फार पूर्वीपासून बनत होता आणि १८२० च्या दशकात जर्मनीत त्याचे कारखानदारी उत्पादन सुरू झाले. पुढे १८४० मध्ये इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याचे पेटंट घेतले आणि चांदीच्या मुलाम्याचे चमचे, ताटे, किटल्या यांचा पाया म्हणून हाच पत्रा रूढ झाला. आपल्या रोजच्या हाताळणीतले उदाहरण म्हणजे वीस रुपयांचे बारा कडांचे नाणे. त्याचे बाहेरचे पांढरे कडे निकेल सिल्व्हरचे आहे, ६५ टक्के तांबे, २० टक्के निकेल आणि १५ टक्के जस्त. आतली पिवळी चकती निकेल पितळेची आहे आणि तिच्यात निकेल फक्त ५ टक्के आहे. निकेल वाढले की पिवळेपणा कसा मावळतो, हे त्या एका नाण्यात शेजारी शेजारी पाहायला मिळते.

उद्योगात पत्र्याच्या ज्या श्रेणी अधिक चालतात त्यांपैकी दोन तुमच्या कामाच्या आहेत. ६५ टक्के तांबे, १८ टक्के निकेल आणि १७ टक्के जस्त असलेली श्रेणी अमेरिकी पद्धतीत सी ७५२०० म्हणून ओळखली जाते. ती खोल ओढण्याला आणि वाकवण्याला चांगली. ५५ टक्के तांबे, १८ टक्के निकेल आणि २७ टक्के जस्त असलेली श्रेणी म्हणजे सी ७७०००, आणि तुमच्या ड्रॉइंगवरील युरोपीय नाव तिचेच. जस्त जास्त असल्यामुळे रोलिंगनंतर ती अधिक ताकद धरते. नरम अवस्थेत तिची ताणशक्ती ४०० मेगापास्कलच्या आसपास असते आणि स्प्रिंग टेंपरमध्ये ती ७०० च्या वर जाते. निकेल १२ टक्क्यांच्या आसपास असलेल्या श्रेणी स्वस्त पडतात, पण त्यांचा रंग पिवळसर असतो. चाव्या, चेनचे दात आणि सजावटीचे काम यांना त्या पुरतात.

आता विजेचा भाग. हा धातू विजेचा चांगला वाहक आहे असा समज बाजारात आढळतो आणि तो साफ चुकीचा आहे. शुद्ध तांब्याची वाहकता १०० मानली तर ७०-३० पितळेची साधारण २८, नेहमीच्या फॉस्फर ब्राँझची सुमारे १५ आणि या १८ टक्के निकेलच्या श्रेणींची जेमतेम ५.५ ते ६ भरते. त्यामुळे जास्त प्रवाह वाहून नेणारे टर्मिनल या धातूचे केले तर ते तापेल. रिलेच्या स्प्रिंगमध्ये तो वापरतात तो वेगळ्या गुणांसाठी. त्याचा ताठरपणा फॉस्फर ब्राँझपेक्षा अधिक आहे, लाखो वेळा उघडझाप होऊनही स्प्रिंग आपली जागा सोडत नाही आणि मुलामा न देताही पृष्ठभाग गंजत नाही. प्रत्यक्ष संपर्क साधतो तो टोकाशी रिव्हेटने बसवलेला चांदीचा ठिपका. प्रवाह लहान असल्यामुळे पट्टीची कमी वाहकता तिथे आड येत नाही.

शील्डिंगच्या डबीचा विचार निराळा आहे. रेडिओ लहरी धातूत फार खोल शिरत नाहीत, आणि वारंवारता जितकी अधिक तितकी ही खोली कमी. सी ७७००० मध्ये १ गिगाहर्ट्झला ती साधारण ९ मायक्रॉन येते, म्हणजे ०.२ मिमीचा पत्रा तिच्या वीसपटीहून जाड ठरतो. १ मेगाहर्ट्झला मात्र तीच खोली पाव मिलिमीटरच्या थोडी पुढे जाते आणि एवढा पातळ पत्रा तिथे अपुरा पडतो. म्हणून मोबाइल संच, मॉडेम, वायरलेस मोड्यूल यांत ही डबी चालते आणि कमी वारंवारतेच्या ट्रान्सफॉर्मरभोवती लोहयुक्त पत्रा वापरावा लागतो. निकेल सिल्व्हरची डबी निवडण्याचे खरे कारण असे की ती मुलाम्याशिवाय सोल्डर घेते. स्टेनलेस स्टीलवर साधे फ्लक्स चालत नाही. कथील चढवलेला पोलादी पत्रा स्वस्त असतो, पण कापलेल्या कडेला लोखंड उघडे पडते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या कडेवर गंज यायला वेळ लागत नाही. डबीचे कोपरे ओढून काढायचे असतील तर सी ७५२०० घ्यावा, आणि झाकणाला पकडणाऱ्या स्प्रिंगदार जिभा असतील तर सी ७७०००.

अमोनियाचा उल्लेख राहू नये. जस्त असलेल्या तांब्याच्या मिश्रधातूंत ताण कोंडलेला असेल आणि भोवती अमोनिया व ओल असेल, तर ते कालांतराने चिरतात. निकेल सिल्व्हर पितळेपेक्षा पुष्कळ सहनशील आहे, पण या रोगातून पूर्ण मुक्त नाही. चिकोडी, हुक्केरी भागात विहिरीवरच्या खोलीत स्टार्टरची पेटी आणि युरियाची पोती शेजारी शेजारी असतात. तुमची रिले शेतीपंपाच्या पेटीत जाणार असेल, तर वर सांगितलेली ताण काढण्याची प्रक्रिया वगळू नका.

उद्यमबाग_प्रेस यांची पुरवणी

दादा आणि सर, आपण दोघांनी एवढा वेळ दिलात याबद्दल मनापासून आभार. ब्लँक ४५ अंशांत मांडून नमुने काढण्याचे काम हाती घेतले आहे आणि आतल्या त्रिज्येविषयी ग्राहकाला आजच लिहितो. सर, डबीसाठी निकेलचा मुलामा दिलेले पितळ चालेल का, अशी विचारणा ग्राहकाच्या खरेदी विभागाकडूनच आली आहे, त्याविषयी आपले मत हवे होते. शिवाय माझ्याकडे आहे ती पट्टी नेमकी कशाची, हा प्रश्न अजून उभाच आहे, कारण व्यापारी प्रमाणपत्र द्यायला तयार नाही.

निवृत्त_प्राध्यापक (टिळकवाडी)

आधीच मुलामा दिलेली पितळी पट्टी कापली तर सगळ्या कडा उघड्या राहतात आणि वाकणीवर मुलाम्याला बारीक भेगा पडतात. डबी तयार झाल्यावर मुलामा दिला तर कोपऱ्यांत त्याची जाडी सारखी बसत नाही, आणि शिळ्या निकेलवर सोल्डरही नीट पसरत नाही. पितळच वापरायचे असेल तर त्यावर कथिलाचा थर निकेलपेक्षा बरा. मात्र त्यासाठी ग्राहकाने ड्रॉइंग बदलून द्यावे, आपण परस्पर बदल करू नये.

चांदीकाम_निपाणी यांचे उत्तर

आमचे घर चांदीकामातले. निपाणीहून हुपरी जवळ असल्यामुळे तिथल्या कारागिरांशी आमचा रोजचा व्यवहार आहे. पूजेची भांडी, समया, करंडे यांसाठी जर्मन सिल्व्हरचा पत्रा आमच्याकडे येतो आणि त्यात भेसळ किती असते हे आम्ही जवळून पाहतो. या नावाखाली मुलामा दिलेले पितळही विकले जाते आणि ओतीव कामात तर जस्ताचा पांढरा मिश्रधातूही सर्रास चालतो. म्हणून आम्ही पत्रा पारखूनच घेतो.

सर्वांत आधी कानस. पत्र्याच्या कडेला कानस चार-पाच वेळा जोर देऊन चालवावी आणि घासलेली जागा दिवसाच्या उजेडात पाहावी. अस्सल निकेल सिल्व्हर आतपर्यंत एकाच रंगाचे असते, पांढरे, पण त्यात किंचित उबदार पिवळी झाक असते. चांदीची शुभ्रता त्याला येत नाही आणि स्टीलचा निळसरपणाही नसतो. मुलाम्याचे पितळ असेल तर कानशीखाली लगेच पिवळे उघडे पडते. लोहचुंबक लावून पाहावे, निकेल सिल्व्हर त्याला चिकटत नाही. मात्र स्टेनलेस स्टीलच्या काही जातीही चिकटत नाहीत, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. वजनावरूनही फारसे कळत नाही, कारण निकेल सिल्व्हरची घनता ८.७ आणि पितळेची ८.५ च्या आसपास, हा फरक साध्या काट्यावर पकडणे अवघड आहे.

कानशीने खोल घासलेल्या जागी नायट्रिक आम्लाचा एक थेंब टाकावा. स्टेनलेस स्टीलवर काहीच होत नाही. तांबे असलेल्या धातूवर थेंब फसफसून हिरवा-निळा होतो. तो थेंब गाळणकागदाच्या तुकड्यावर टिपून घ्यावा आणि त्यावर अमोनियाचे द्रावण सोडावे. गडद निळा रंग आला की तांबे आहे हे नक्की. मग त्याच कागदावर डायमिथिलग्लायॉक्झिमचे स्पिरिटमधले द्रावण सोडावे. निकेल असेल तर डागाच्या कडेने गुलाबी-लाल वलय उमटते. पितळेत हा लाल रंग येत नाही. जागा खोल घासण्याचा आग्रह एवढ्यासाठीच की वरच्या मुलाम्यातले निकेलही हाच रंग देते आणि घाईत पितळ खपून जाते. चांदीचा संशय असेल तर आम्लाच्या दुसऱ्या थेंबात मिठाचे पाणी घालावे, चांदी असल्यास दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. हे सगळे उघड्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून करावे, कारण आम्लातून निघणारा तपकिरी धूर विषारी असतो.

या कसोटीने निकेल आहे एवढे कळते, ते १२ टक्के की १८ टक्के हे कळत नाही. त्यासाठी क्ष-किरणांवर चालणाऱ्या हातातल्या यंत्राने तपासणी करून घ्यावी. सोन्या-चांदीचा कस पाहणाऱ्या केंद्रांत अशी यंत्रे असतात. फक्त तिथल्या माणसाला आधी विचारावे की त्यांचे यंत्र तांबे, निकेल आणि जस्त यांचे प्रमाण दाखवते का, कारण काही यंत्रे मौल्यवान धातूंपुरतीच जुळवलेली असतात.

जाता जाता आणखी एक गोष्ट, कारण उरलेल्या पत्र्यातून लोक बांगड्या, कानातली आणि वाट्याही करतात. निकेलचे काहींच्या त्वचेला वावडे असते, खाज सुटते आणि चट्टे उठतात. युरोपात त्वचेला दीर्घकाळ लागणाऱ्या वस्तूंतून दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा नियम आहे. तसेच मुलामा उडालेल्या जर्मन सिल्व्हरच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार किंवा लोणचे ठेवू नये. आंबट पदार्थात तांबे आणि निकेल उतरते आणि भांड्याला हिरवा डाग पडतो. आमच्या दुकानात गिऱ्हाईकाला हे सांगूनच वस्तू दिली जाते.

खरेदी_होनगा यांचे उत्तर

होनग्यातील एका कारखान्याची धातुखरेदी मी पाहतो. मला येथे सर्वांत काळजीची गोष्ट वाटली ती बिलावरचा 'जर्मन सिल्व्हर पत्रा' हा शब्द. अशा शब्दांवर खरेदी केली की माल परत करण्याचा आधारच उरत नाही. खरेदी आदेशात श्रेणी, टेंपर, जाडी आणि तिची मर्यादा, पट्टीची रुंदी, विकर्स मापातली कठीणपणाची मर्यादा आणि लागू असलेले मानक, म्हणजे अमेरिकी एएसटीएम बी १२२ किंवा युरोपीय ईएन १६५२, एवढे लिहावे. स्प्रिंग आणि कनेक्टरच्या पट्टीसाठी ईएन १६५४ अधिक नेमके आहे. प्रत्येक कॉइलसोबत हीट क्रमांक (धातू ज्या वितळणीतून आला तिचा क्रमांक) असलेले गिरणीचे प्रमाणपत्र मागावे. पूर्वेकडून येणाऱ्या मालाच्या प्रमाणपत्रावर बहुधा जपानी क्रमांक असतात. सी ७७०१ हा ५५-१८ च्या आणि सी ७५२१ हा ६५-१८ च्या जवळचा, हे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

मुंबईच्या गुलालवाडीत किंवा पुण्यात कमी वजनाचा मालही मिळतो, पण तिथे कॉइलमधून चिरून दिलेल्या पट्टीवर हीट क्रमांकाची चिठ्ठी राहिली आहे का, हे माल उचलण्यापूर्वीच पाहावे. अंदाजासाठी सांगतो, ०.३ मिमी जाड आणि १०० मिमी रुंद पट्टीचे वजन मीटरला सुमारे २६१ ग्रॅम भरते, म्हणजे एका किलोत पावणेचार मीटरच्या थोडी अधिक पट्टी बसते.

कराच्या बाजूने पाहता ०.१५ मिमीपेक्षा जाड निकेल सिल्व्हर पत्रा आणि पट्टी ७४०९ ४० या शीर्षकाखाली येते. त्याहून पातळ असेल तर ती ७४१० मध्ये जाते. कराचा (जीएसटीचा) दर १८ टक्केच आहे. माल कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईहून आला तर अंतर कितीही कमी असले तरी तो दुसऱ्या राज्यातून आलेला असतो, म्हणून त्यावर एकात्मिक कर लागतो. बंगळूरहून आला तर तोच कर केंद्र आणि राज्य असा नऊ-नऊ टक्क्यांत विभागला जातो. वजावट दोन्हीकडे मिळते. मात्र शिनोळी किंवा कागलहून दुचाकीवर आणलेल्या मालालाही बिल सोबत हवेच आणि किंमत पन्नास हजारांच्या वर गेली की ई-वे बिल काढावेच लागते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते गाव घरचेच वाटते, पण कागदावर ते परराज्य आहे.

दराविषयी माझा सल्ला असा, की दीर्घ मुदतीचा एकच बांधीव दर देऊ नये. वजनाने निकेल फक्त १८ टक्के असले तरी भावातले मोठे झोके त्याच्यामुळेच येतात. ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या धातुबाजारात निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या पलीकडे गेला, बाजाराला व्यवहार थांबवावे लागले आणि त्या दिवशी झालेले सौदे रद्द करण्यात आले. त्या आठवड्यात ज्यांनी बांधीव दरावर माल द्यायचे कबूल केले होते त्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. म्हणून दराचे दोन भाग करावेत. तांबे, निकेल आणि जस्त यांचा धातुभाव त्यांच्या टक्केवारीनुसार मागच्या महिन्याच्या सरासरीशी बांधावा, आणि रोलिंग, चिराई, प्रेसकाम व नफा हा भाग स्थिर ठेवावा. पुण्याचे ग्राहक तांब्याच्या कामात ही पद्धत मान्य करतात, त्यामुळे निकेल सिल्व्हरसाठी ती मागताना संकोच करू नये.

भंगाराचा हिशेब दरात धराच. स्प्रिंगपट्टी तिरकी मांडल्यावर तुमच्याकडे कातरण बरीच निघेल आणि तिची किंमत पितळी कातरणीपेक्षा चांगली येते, पण ती स्वच्छ असेल तरच. पितळ आणि निकेल सिल्व्हरचे तुकडे एका पिंपात पडले की व्यापारी सगळ्याला पितळेचाच भाव देतो, आणि त्याचे म्हणणे रास्तही असते, कारण पितळेच्या वितळणीत निकेल नको असते आणि निकेल सिल्व्हरच्या वितळणीत जास्तीचे जस्त व शिसे नको असते. हे काम ज्या प्रेसवर चालेल त्या प्रेसखाली वेगळे झाकणाचे पिंप ठेवावे, त्यावर श्रेणीचे नाव रंगवावे आणि पितळेचे काम पुन्हा चढवण्यापूर्वी प्रेसचा तळ झाडून घ्यावा. आपल्या भागातील ओतशाळांत ही कातरण वितळवून पुन्हा वापरावी असाही विचार कोणी सुचवेल, त्याला नकार द्या. निकेल विरघळेपर्यंत लागणाऱ्या उष्णतेला जस्त उकळून उडून जाते, वितळलेला धातू वायू शोषतो, आणि ओतून मिळालेल्या ठोकळ्याची पट्टी काढायला रोलिंग व मधल्या तापवणीची गिरणीच लागते. पट्टी जिथून घ्याल त्याच पुरवठादाराला कातरण परत देण्याचा करार खरेदी आदेशातच लिहून घ्यावा. परतीचा दर त्या दिवशीच्या धातुभावाच्या किती टक्के असेल, हे त्यात नमूद करावे.